निवडलेल्यांचा पाव

आमच्या घरी महिन्याच्या पहिल्या शनिवारी बेकरीतून एक मोठा पाव यायचा आणि त्याला आईशिवाय कुणी हात लावायचा नाही. बाबा मंडळीचे पंच होते. मंडळी म्हणजे खडकीचं आमचं चर्च आणि पंच म्हणजे तिचा कारभार बघणारी पाच माणसं. दुसऱ्या दिवशी, रविवारच्या उपासनेत प्रभुभोजन असायचं. त्याचा पाव कापायचं काम खरं तर पाचही घरांत आळीपाळीने फिरायला हवं होतं, पण बाकीच्या चौघांच्या बायकांनी ‘तुमच्या हातचे तुकडे किती सारखे होतात हो’ असं कौतुक करून ते कायमचं आईच्या गळ्यात मारलं होतं. आई सुरी गरम पाण्यात बुडवून आधी कडा काढायची, मग बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करायची. कडा मला चहाबरोबर मिळायच्या. मनुका उकळून, गाळून त्यांचं पाणीही तीच करायची. उपासना झाली की बोटभर उंचीचे काचेचे पेले टोपलीतून घरी यायचे आणि ते धुवायचं काम अर्थात तिचंच.

ज्यांनी प्रभुभोजन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ख्रिस्ताने मरणापूर्वी शिष्यांना भाकर मोडून दिली, त्याची ही आठवण. पाव म्हणजे त्याचं शरीर आणि मनुकांचं पाणी म्हणजे त्याचं रक्त. मोठी माणसं हे कसं धरत होती कोण जाणे, मी अक्षरशः धरलं होतं. शनिवारी संध्याकाळी आईने खाऊ म्हणून दिलेली पावाची कड आणि रविवारी सकाळी पांढऱ्या कापडाखाली झाकलेला तुकडा ह्यांच्यामध्ये काहीतरी घडत असे आणि ते घडत असताना आपण त्याच घरात झोपलेलो असतो, ह्या विचाराने मला घाम फुटायचा.

मी भित्री होते, हे आधीच कबूल करून टाकते. एकुलती एक, आणि वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. बाबा बारूद भरायच्या विभागात होते. सकाळी गेटवर झडती व्हायची. काडेपेटी, विडी, खिशातली नाणी, सगळं बाहेर ठेवायचं आणि आत बिनखिशाचे कपडे घालायचे. दिवसातून कधीतरी लांबून चाचणीचा दणका ऐकू यायचा आणि आमच्या क्वार्टरच्या खिडक्या थरथरायच्या. आमच्या आठवणीत तिथे कधी काही वाईट झालं नव्हतं. पण घाबरणाऱ्याला काही व्हावं लागत नाही. प्रत्येक दणक्याला मी हातातलं काम टाकून बाबांचा चेहरा आठवायची आणि तो नीट आठवला की बाबा सुखरूप आहेत असं ठरवायची.

मी बारा वर्षांची असताना मंडळीत तीन दिवसांच्या सभा झाल्या. स्वातंत्र्याला तेव्हा पंधराएक वर्षं होऊन गेली असतील. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. उंच, किडकिडीत आणि आवाज अगदी हळू. ओरडणाऱ्या उपदेशकांची आम्हाला सवय होती, हळू बोलणाऱ्याची नव्हती, म्हणून सगळे कान टवकारून बसले. त्यांनी तीन दिवस एकच प्रश्न धरला होता. वधस्तंभावर ख्रिस्ताने जे प्रायश्चित्त केलं, ते कोणासाठी? ते म्हणाले, सगळ्या जगासाठी नव्हे. देवाने जग निर्माण होण्याआधीच काही माणसं निवडून ठेवली आहेत आणि तो मेला तो त्यांच्यासाठी. सगळ्यांसाठी मेला असता आणि तरी काहीजण नरकात गेले असते, तर त्यांच्यापुरतं त्याचं मरण फुकट गेलं म्हणायचं. देवाचं काही फुकट जातं का?

पुण्यात वाद घालायला विषय लागत नाही, पण मिळाला तर कुणी सोडत नाही. उपदेशक चौथ्या दिवशी गाडीत बसून गेले आणि इकडे मंडळीचे दोन तट पडले. ‘सर्वांसाठी’वाले खिडकीच्या बाजूला बसू लागले आणि ‘निवडलेल्यांसाठी’वाले दाराच्या बाजूला. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सर्वांसाठीवाले. गरीब, संकोची माणूस. ते व्यासपीठावरून ‘सर्व’ हा शब्द उच्चारायचे तेव्हा दाराकडच्या बाकांवरून ठरवून खोकला यायचा. एका आजोबांनी तर पाळकसाहेबांना भर अंगणात विचारलं, “आपण सगळ्यांनाच आत घेताय, बाक पुरतील ना?”

आमच्या घरात दोन्ही तट एकाच चुलीपाशी जेवायचे. बाबा निवडलेल्यांच्या बाजूला गेले आणि आई खिडकीच्या.

“म्हणजे देवाने पानं मोजून स्वयंपाक केला म्हणायचा,” आई पोळी लाटता लाटता म्हणाली.

“देवाच्या घरी अन्न वाया जात नाही,” बाबा म्हणाले.

“आणि कुणी दारात येऊन उभा राहिला तर?”

“ज्याला बोलावलेलं नाही त्याला यावंसंच वाटत नाही.”

“आणि वाटलं तर?”

बाबांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. आई सोडणाऱ्यांतली नव्हती.

“बरं, आपल्या दापोडीच्या भावजींसाठी मेला का हो तो?”

हे दापोडीचे काका बाबांच्या विभागातले. त्यांच्या घरची थोडी शेती होती, देवाऱ्यात खंडोबा होता आणि नोकरी कारखान्यात. बाबा आणि ते वीस वर्षं दुपारी एकाच डब्यात जेवत होते. आमची पोळी त्यांच्या घशाखाली, त्यांची भाकरी आणि ठेचा बाबांच्या. नाताळच्या करंज्या सगळ्यांत आधी त्यांच्याकडे जायच्या आणि त्यांच्या जत्रेच्या पुरणपोळ्या आमच्याकडे यायच्या. मला खांद्यावर बसवून त्यांनी मुळा नदीचा पूर दाखवला होता. त्यांच्या नावाने प्रश्न आला तेव्हा बाबांचा हात ताटातच थांबला.

“मला ठाऊक नाही,” ते शेवटी म्हणाले. “माणसाला कळत नाही ते.”

“ज्याचं त्याला तरी कळतं का?”

“नाही,” बाबा म्हणाले. “सगळ्यांना कळत नाही.”

आईने पुढची पोळी तव्यावर टाकली आणि विषय संपला. माझ्यासाठी तिथून सुरू झाला. निवड झालेली असू शकते आणि आपल्याला ठाऊक नसतं. निवड झालेली नसू शकते आणि तेही ठाऊक नसतं. मग मी खुणा शोधायला लागले. उपासनेत गाणं चालू असताना अंगावर काटा आला तर मी देवाच्या यादीत, नाही आला तर बाहेर. थंडीत मी जवळजवळ रोज यादीत असायची आणि उन्हाळ्यात माझे हाल व्हायचे. आईला सांगितलं असतं तर तिने दोन धपाटे घालून मला मोकळं केलं असतं, पण सांगायचीही भीती वाटली. न जाणो, धपाटे खाल्ल्यावरही भीती तशीच राहिली तर ती खरीच ठरली असती.

चौदाव्या वर्षी माझी पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायची वेळ आली. त्याआधी आम्ही पाचजण आठ आठवडे पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात शिकायला बसत होतो. शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले, पाव घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःला तपासावं. जो अयोग्य रीतीने खातो, तो स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या काळात अशी माणसं आजारी पडली होती, काही मेलीसुद्धा. एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला आणि “पाळकबाईंनी सरबत केलंय, घ्या” म्हणाले. बाकीचे चौघे सरबतावर तुटून पडले. मी माझा पेला तसाच खाली ठेवला.

तो रविवार एप्रिलमधला होता. मी पांढरा फ्रॉक घातला होता आणि डोक्यावर आईची पांढरी ओढणी. आम्हा पाचजणांना पुढे, व्यासपीठाच्या बगलेला ठेवलेल्या आडव्या बाकावर बसवलं. ह्या बाकामुळे पुढचं सगळं घडलं. एरवी मी मागे बायकांत बसायची. तिथून पंच फक्त पाठमोरे दिसतात. पाळकसाहेब आधी पाचही पंचांना पाव देतात, ते मंडळीकडे पाठ करून खातात आणि मगच ताटं घेऊन बाकाबाकांतून फिरतात. मागच्या माणसांना पाच पाठी आणि पाच वाकलेल्या माना दिसतात, बस्स. पण आडव्या बाकावरून मला ते कडेने दिसत होते.

ताट बाबांपुढे आलं. बाबांनी बोटं ताटात घातली, उचलली आणि तोंडाशी नेली. त्या बोटांत काही नव्हतं. मला वाटलं, तुकडा पडला असेल. मी फरशीवर बघितलं. फरशी स्वच्छ होती. मग पेले आले. बाबांनी पेला उचलला, ओठांना लावल्यासारखा केला आणि खाली ठेवला. तो काठोकाठ भरलेला तसाच होता. इतर चौघांचे पेले रिकामे होते.

लगेच सगळं समजलं असं म्हणणार नाही, पण मुख्य ते समजलं. निवडलेल्यांच्या तटातल्या प्रत्येक माणसाची पक्की खात्री होती की आपण यादीत आहोत. वाद घालायचा तो दुसऱ्यांच्या नावांवर. त्या तटातल्या एकाच माणसाने ते सगळं खरं मानून स्वतःला लावून पाहिलं होतं आणि स्वतःचं नाव त्याला तिथे सापडलं नव्हतं. आणि तो माणूस आता ताट घेऊन माझ्याच बाकाकडे येत होता.

बाबा माझ्यापुढे वाकले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. आनंदाने अगदी फुलला होता. माझी मुलगी घेतेय, असं त्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मी तुकडा उचलला आणि मूठ मिटली. खाल्ला तर मी आत आणि बाबा बाहेर. कायमचे. मी मूठ तोंडाशी नेली, जबडा हलवला आणि तुकडा ओढणीआडून रुमालात गेला. म्हणजे मी हुबेहूब बाबांनी केलं तेच केलं आणि बापलेक दोघंही एकमेकांना फसवून आपापल्या जागी गेलो.

दुपारी आई पेले धुवायला बसली. मी पुसायला घेतले.

“आई, बाबा पाव का घेत नाहीत?”

आईचा हात थांबला. “तू पाहिलंस?”

“हो.”

“दोन वर्षं झाली,” आई म्हणाली. “त्या सभा झाल्यापासून. दर महिन्याला एक पेला भरलेला परत येतो, मला कळल्याशिवाय राहील होय? म्हणतात, ज्याला खात्री नाही त्याने हात लावू नये. मी म्हटलं, मग पंचपण सोडा. तर म्हणतात, ताट कुणीतरी धरायला हवं.” तिने एक पेला उगाचच दुसऱ्यांदा विसळला. “मी भांडून थकले. तू त्यांना काही बोलू नकोस. लाज वाटेल त्यांना.”

आईला रडताना मी फार कमी पाहिलं आहे. त्या दिवशीही ती रडली नाही, फक्त उन्हात वाळत घातलेले पेले तिने मोजले आणि पुन्हा मोजले. मी मात्र ठरवून टाकलं. चौदा वर्षांच्या मुलीचं डोकं कसं चाललं ते सांगते. पाव खाल्ला की माणूस आत येतो. बाबा आपणहून खात नाहीत. मग त्यांच्या नकळत त्यांना खाऊ घालायचा. औषध न खाणाऱ्या पोराला आई गुळात घालून देते, तसं.

सोमवारी सकाळी आई डबा भरून पाणी भरायला गेली. मी रुमाल सोडला. तुकडा वाळून कडक झाला होता. मी डब्याचा वरचा कप्पा काढला, पोळ्यांच्या घडीत तो तुकडा सरकवला आणि झाकण लावलं. बाबा सायकल काढून निघाले. मी दारात उभी राहून पाहत राहिले. मला कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

शाळेत तिसऱ्या तासापर्यंत ते टिकलं. इतिहासाचा तास होता. लांबून चाचणीचा दणका आला, खिडक्या थरथरल्या, मी सवयीने बाबांचा चेहरा आठवायला गेले आणि त्याऐवजी पाळकसाहेबांचा चष्मा पुसणारा हात आठवला. अयोग्य रीतीने खाणारी माणसं. आजारी पडली. मेलीसुद्धा. बाबा खरोखरच यादीत नसतील तर? ते स्वतः ओळखून दोन वर्षं त्या पावापासून लांब राहिले होते, आणि मी तोच पोळीत घालून त्यांच्या तोंडाशी नेऊन ठेवला होता. तेही कुठे, तर बारुदाच्या शेजारी. आणि डबा ते एकटे खात नसत. दापोडीच्या काकांचा हात त्यात असायचाच. मी हात वर केला आणि काही विचारायच्या आधीच बाई म्हणाल्या, “अगं, पांढरीफटक पडली आहेस. घरी जा बरं.”

मी घरी गेले नाही. कारखान्याच्या गेटपर्यंत पळत गेले. एप्रिलचं ऊन, पायात साध्या चपला, त्यातली एक वाटेत तुटली. गेटवरचा दरवान मिशीवाला आणि फुरसतीत होता.

“डबा विसरले का वडील?”

“नाही. डबा परत हवाय.”

“परत?” त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “डबा पोचवायला आलेली माणसं पुष्कळ बघितली. परत मागायला आलेली तुम्ही पहिल्या.”

“काका, खूप महत्त्वाचं आहे हो. त्यात… त्यात एक खराब वस्तू आहे.”

खराब वस्तू म्हटल्यावर तो सावध झाला. “काय? काडेपेटी?”

“नाही. पाव.”

तो हसला. बराच वेळ हसला. मग म्हणाला, “शिळ्या पावाने दारूगोळा उडत नाही, ताई. सावलीत बसा,” आणि आत निरोप द्यायला त्याने साफ नकार दिला. मी पाया पडायला वाकले तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला.

भोंगा थांबला आणि मी चिंचेच्या झाडाखाली बसले. आता ते हात धूत असतील. आता डबा उघडला असेल. आता पहिली पोळी. मी देवाची प्रार्थना करायला गेले आणि अडले. काय मागू? बाबांनी तो खावा की खाऊ नये? कुठलं मागितलं तर बाबा वाचतील हेच मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात प्रार्थनेला शब्द न मिळण्याची ती माझी पहिली वेळ. मी नुसतं ‘बाबा, बाबा’ म्हणत बसले. दुपारभर दोन दणके झाले. प्रत्येक दणक्याला मी उभी राहून आतल्या छपरांकडे धूर दिसतो का ते पाहिलं. दरवानाने एकदा माठातलं पाणी आणून दिलं, चेष्टा न करता.

संध्याकाळचा भोंगा झाला आणि सायकलींचा लोंढा बाहेर पडला. शेकडो माणसं, सगळी घामेजलेली, सगळी मला बाबा वाटणारी. मग खरे बाबा दिसले. सायकल हातात धरून चालत येत होते, शेजारी दापोडीचे काका. दोघंही आपापल्या पायांवर. मला हुंदका आला.

“आरं, पोर हितं काय करतीय?” काका म्हणाले. “रडतीय काय? काय झालं गं?”

“काही नाही. चप्पल तुटली.”

“मंग बापाला विचार त्याची काय तुटली ती!” काकांना कधीचं कुणाला तरी सांगायचं होतं. “आज याड लागलं व्हतं याला. डबा उघडला, पोळीत पावाचा यवडासा तुकडा. म्या म्हनलं वैनींनी काय नवीन केलंया, आन् उचलला. तोंडात टाकनार तर यानं मनगाट धरलं की माझं! ह्ये बघ, लाल झालंय. हातातनं हिसकावला आन् सोताच गिळला. न चावता! वीस वर्सं एका डब्यात जेवतोय, माज्या हातातला घास कदी घेतला न्हाई यानं.”

मी बाबांकडे पाहिलं. ते सायकलच्या घंटीकडे पाहत होते.

“आन् वर डोळ्यांत पानी. म्या म्हनलं काय रं झालं, तर म्हनतो मिरची लागली. पावाला कुटं मिरची असती व्हय?” काका हसत सायकलवर बसले. “जा घरी घिऊन त्याला. लिंबू उतरवा.”

काका गेले. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेने चालायला लागलो. बाबा सायकल ढकलत होते आणि मी एक पाय अनवाणी, कॅरिअर धरून.

“तो तुकडा तू ठेवलास,” बाबा म्हणाले.

“हो.”

“तुझ्या वाटणीचा?”

“हो.”

“म्हणजे काल तू खाल्ला नाहीस.”

“तुम्ही घेतला नाहीत, मग मी कशी घेणार?”

बाबा थांबले. सायकल एका बाजूला कलली, ती त्यांनी सावरली. रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. घाबरले होते. माझे बाबा घाबरलेले मी तोवर पाहिले नव्हते.

“काकांच्या हातातून का घेतलात?” मी विचारलं.

“त्याला काय ठाऊक, तो काय खातोय. नकळत काही ओढवून घेतलं असतं म्हणजे? चार पोरं आहेत त्याला. धाकटं अजून रांगतंय.”

“मग टाकून द्यायचा.”

“टाकायचा कसा? ते काय आहे ते ठाऊक आहे ना तुला?”

“मग आता तुम्हाला काही झालं तर?”

“माझं काय,” बाबा म्हणाले, “मी तसाही…” आणि पुढचं बोलले नाहीत.

पुढचं मला कळलं. बाबांना काहीही होणार नव्हतं, ते म्हातारे होऊन आपल्या अंथरुणात जायचे होते, हे आज मी सांगू शकते. त्या संध्याकाळी आम्हा दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. बाबांच्या लेखी तो तुकडा म्हणजे शिक्षा होती. मित्राच्या तोंडी ती जाऊ द्यायची नव्हती, जमिनीवर टाकायची नव्हती, म्हणून त्यांनी ती स्वतः गिळली. दुसऱ्याच्या वाट्याचं मरण आपल्या अंगावर घेतलेला एक माणूस माझ्या शेजारून सायकल ढकलत चालला होता, आणि असंच ज्याने केलं तो ख्रिस्त आपल्यासाठी मेला नाही, अशी त्याची खात्री होती.

हे मनात आलं आणि मी जितकी घाबरले तितकी त्याआधी आणि त्यानंतर कधी घाबरले नाही. तोपर्यंत मला यादीची भीती होती, बाबांचं नाव तिच्यात असेल का ह्याची. आता मला यादी करणाऱ्याची भीती वाटली. ह्या माणसाला जो वगळू शकतो, त्याच्या घरात मी काय म्हणून जाऊ? त्याच्या ताटातलं कसं खाऊ? आणि हे असं मनात आणणारी मुलगी तर नक्कीच निवडलेली नसणार. मी दोन्ही हातांनी कॅरिअर घट्ट धरला. सायकल जड झाली तसं बाबांनी मागे वळून पाहिलं. माझ्या हातांवर काटा आला होता.

“थंडी वाजतेय का गं?” त्यांनी विचारलं.

ऊन अजून रस्त्यावर होतं. मी हो म्हटलं.